जुनी बोट लिफ्ट घेऊन सव्वा वर्ष झालं: उजनीकाठचा अनुभव

केत्तूरच्या अंगाला आमची लिफ्ट पाण्यात उभी दिसली की येणारा-जाणारा गाडी थांबवून दोनच गोष्टी विचारतो. हे काय आहे, आणि केवढ्याला पडलं? पहिल्याचं उत्तर भाचा देतो, "बोटीचा पाळणा." दुसऱ्या प्रश्नाला तो माझ्याकडे बघतो, कारण पैसे मी घातलेत. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. जुनी लिफ्ट घ्यायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, मग ती उजनीवर असो की दुसऱ्या कुठल्या धरणावर, त्यानं हे वाचूनच पैसे मोजावेत.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत अडतीस वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे माग लावायचं-दुरुस्त करायचं काम केलं. वडील नरसिंग गिरजी मिलमध्ये होते. घरात बोलणं सगळं मागाचं, साच्याचं. पाण्याशी संबंध आला तो धाकटी बहीण करमाळा तालुक्यात दिल्यावर. दाजी उजनीत जाळं टाकतात, चिलापी आणि कटला मिळेल तसा भिगवणच्या बाजारात घालतात. भाच्यानं पाच वर्षांपूर्वी फायबरची सोळा फुटी बोट आणि दहा एचपीचं इंजिन घेतलं. नोव्हेंबर ते मार्च तो पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. रोहित पक्ष्यांचे थवे, चित्रबलाक, थंडीत हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. त्याचं घर त्या पाच महिन्यांवर चालतं.

2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. त्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज बसलेला होता. म्हणाली, "दादा, आपल्या बोटीचं बूड कुणी कधी बघितलंय का?"

ती बोट वादळात गेली, बुडाचा तिथे काही संबंध नव्हता. पण बहिणीचा प्रश्न बरोबर होता. आमच्या बोटीचं बूड कुणीच बघितलं नव्हतं. बोट एक तर पाण्यात असायची, नाहीतर चार जणांनी दगडांवरून खेचून काठावर घेतलेली असायची. मी गेलो, आम्ही ती पालथी केली. मागच्या बाजूला, इंजिनाच्या खालच्या कण्यावर वरचा गुळगुळीत थर पूर्ण घासून गेला होता आणि आतली काचेची जाळी दिसत होती. बाकी बुडावर शेंगदाण्याएवढे फोड. एक टाचणीनं फोडला तर आतून आंबूस वासाचं पाणी आलं. फायबरची बोट महिनोन् महिने पाण्यात ठेवली की पाणी त्या वरच्या थरातून हळूहळू आत मुरतं, आतल्या रेझिनशी, म्हणजे जाळी धरून ठेवणाऱ्या राळेशी, त्याची क्रिया होते आणि फोड येतात. उपाय एकच, बूड कोरडं राहिलं पाहिजे. रोजच्या रोज.

पावसाळ्याच्या तोंडाला बोट गोठ्यात वाळत ठेवली, फोड घासून भरले, कण्यावर दोन थर नवी मॅट, म्हणजे काचेची जाळी, मारली. पण पुढे काय? पुन्हा दगडांवरून खेचायची? आधी ट्रॉलीचा प्रयोग करून झाला होता. उजनीच्या काठाला गाळ इतका की भरलेली ट्रॉली टाचेपर्यंत नाही, एक्सलपर्यंत रुतते. तेव्हा मी बोट लिफ्टची माहिती काढायला लागलो.

लिफ्ट म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगतो. पाण्यात चार पायांची चौकट उभी असते. तिच्या मधोमध पाळणा. पाळणा पाण्याखाली सोडायचा, बोट त्यावर आणायची, विंच, म्हणजे तार गुंडाळायचा रहाट, फिरवला की पाळणा बोटीसकट पाण्याच्या वर येतो. एका प्रकारात चार कोपऱ्यांना तारा असतात आणि पाळणा सरळ उभा वर जातो. दुसऱ्या प्रकारात चौकट तिरकी झोके घेत वर येते. त्याला तार कमी, कप्प्या कमी, म्हणजे दुखणीही कमी, पण उचल साधारण तीन-साडेतीन फूटच मिळते. तिसरा प्रकार तरंगणारा, हवेच्या टाक्यांवर चालणारा. तो नवा घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि जुना कुठे दिसला नाही.

खरी अडचण उजनीची आहे. परदेशात ज्या तळ्यांवर या लिफ्ट वापरतात तिथलं पाणी वर्षभरात दोन-चार फूट खालीवर होतं. उजनी शंभर टक्के भरते तेव्हा पातळी 496.83 मीटर, आणि शून्य टक्क्याला 491.03. म्हणजे जवळजवळ 19 फुटांचा फरक, आणि उजनी शून्यावर थांबते कुठे? 2024 च्या उन्हाळ्यात ती वजा साठ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे मृतसाठ्यात खोल, गेली होती. काठ सपाट असेल तिथे 19 फूट उतरलेलं पाणी शेकडो पावलं आत सरकतं. आज जिथे बोट लावली तिथे दोन महिन्यांनी कुणीतरी गाळपेर करून टरबूज लावलेलं असतं. त्यामुळे जमिनीत खांब रोवून बसवलेली लिफ्ट उजनीवर बिनकामाची. आपली लिफ्ट पाण्यामागे चालली पाहिजे. चाकं लावता येतील अशी, सुट्टी उभी राहणारी, विजेवर न चालणारी. हे आधी ठरवलं म्हणून पुढचे निर्णय सोपे गेले. विजेच्या दोन चांगल्या लिफ्ट स्वस्तात मिळत होत्या, त्या सोडल्या. काठावर मीटर नाही. आणि असता तरी पाण्यात उभं राहून 230 व्होल्टशी खेळायचं नाही. ज्यांच्याकडे वीज आहे त्यांनी 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय मोटर चालू करू नये.

शोधायला चार महिने गेले. शेवटी जुनी यंत्रं घेऊन विकणाऱ्या एका माणसाकडे मिळाली. रायगडकडच्या एका खाडीवर जलक्रीडेचं केंद्र बंद पडलं होतं, त्यांचं सामान त्यानं उचललं होतं. जस्त चढवलेल्या लोखंडाची, चार पायांची, सरळ उचलणारी, हातविंचची. मागितले 72,000. फोटोत नवीकोरी दिसत होती, चकाकत होती. त्या चकाकीनंच मला शंका आली. जस्त चढवलेलं लोखंड पाच-सहा वर्षं खाऱ्या पाण्यात उभं राहिलं तर ते करडं, खरखरीत दिसायला हवं. चकाकतंय म्हणजे वरून चांदीचा रंग मारलाय.

बघायला गेलो तेव्हा बरोबर तीन गोष्टी नेल्या. छोटी हातोडी, व्हर्नियर कॅलिपर आणि सँडपेपर. मागाचा सांधा तपासताना आम्ही जे करायचो तेच केलं. चारही पायांवर वरून खाली दर वितीला हातोडीनं हलकं ठोकत गेलो. तीन पाय खणखणले. चौथ्याचा खालचा दीड फूट बद्द वाजला. तिथे सँडपेपर मारला, चांदीच्या खाली लाल गंज, आणि एका जागी हातोडीचं टोक आत गेलं. विकणारा म्हणाला, "काका, एवढ्यानं काही होत नाही, दोन टन उचलते ही." मी विचारलं, पाटी कुठाय? क्षमतेची पाटी काढलेली होती, चार रिव्हेटची भोकं तेवढी शिल्लक होती. पाटी नसेल तर विकणाऱ्याच्या तोंडचा आकडा धरायचा नाही. मी विंचवर कोरलेला आकडा आणि तारेची जाडी धरून हिशोब केला आणि एक टनाच्या वर तिला मोजलं नाही.

इथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. जस्ताच्या लोखंडावर पांढरी पूड दिसली तर घाबरायचं कारण नाही. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतंय असा त्याचा अर्थ. लाल दिसलं की जस्त संपलं आणि आता लोखंड खातंय. पांढऱ्यावर भाव करा, लालवर तिथला पाईप बदलायचा खर्च धरा. आणि रंग मारलेली असेल तर विकणाऱ्यासमोरच खरवडा. तो नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

चौथ्या पायाचे आणि काढलेल्या पाटीचे मिळून 11,000 उतरले. 61,000 ला ठरली. त्या माणसाबद्दल माझी तक्रार एवढीच की गंज झाकायला रंग मारला आणि विचारेपर्यंत बोलला नाही. सामान मात्र सगळं मोजून दिलं, बोल्टसुद्धा.

उचलण्याचं वजन आधी मोजून घ्या, अंदाजानं नको. आम्ही ट्रॉली उसाच्या वजनकाट्यावर एकदा बोटीसकट आणि एकदा रिकामी घातली. बोट 310 किलो भरली. इंजिन चाळीस-पंचेचाळीस, भरलेली पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर, दोर, दहा लाईफ जॅकेट, खुर्च्या. सगळं धरून 450 च्या आसपास. याच्या दीडपट तरी लिफ्टची ताकद पाहिजे. का, ते पावसाळ्यात कळतं. एका रात्रीच्या पावसात बोटीत दोनशे लिटर पाणी सहज साठतं आणि एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून बोट वर घेतली की बुडाचं बूच काढायचंच. आणि खाली सोडायच्या आधी लावायचंच. आम्ही ते बूच विंचच्या हँडलला दोरीनं बांधून ठेवतो. हँडल धरायला गेलं की बूच हातात येतं. एवढी एक सवय कुणी आमच्याकडून घेतली तरी लिहिल्याचं सार्थक होईल.

लिफ्ट सुटी करून टेम्पोनं आधी सोलापुरात आणली, थेट काठावर नेली नाही. तीन आठवडे घराच्या मागे होती. पहिलं काम, गोड्या पाण्यानं धुणं. खाडीचं मीठ पाईपच्या आत बसलेलं असतं. प्रत्येक पाईपात नळी घालून वाहतं पाणी सोडलं, आणि खालून येणारं पाणी जिभेला लावून बघितलं. पहिल्या दिवशी खारट, तिसऱ्या दिवशी नाही. मीठ आत ठेवून वरून कितीही रंग लावा, गंज आतून येतच राहतो. चौथ्या पायाचा खालचा भाग कापून नवा जोडला, जोडावर आणि खरवडलेल्या सगळ्या जागांवर झिंकचा प्रायमर दोन हात.

कप्प्या सहा. चार ठीक होत्या, दोघींच्या खाचेत तारेचे पीळ उमटले होते, स्क्रूच्या आट्यासारखे. अशी कप्पी नव्या तारेला महिन्यात कानशीसारखी खाते. त्या दोन बदलल्या. सगळ्यांचे बुश, म्हणजे कप्पी ज्यावर फिरते त्या मधल्या धातूच्या नळ्या, सैल होते. एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरनं लेथवर गनमेटलचे बुश काढून दिले, त्यात ग्रीसची खाच पाडली. त्यानं आयुष्यभर मागाचे बुश केलेत, बोटीचे पहिल्यांदाच. दुपारी डबा खाता खाता विचारत होता, "हे पाण्यात राहणार म्हणजे सारखं?" मी हो म्हटल्यावर त्यानं माप पुन्हा घेतलं आणि बुश एका धाग्याच्या जाडीएवढा सैल ठेवला.

तार. जुनी तार विकणाऱ्याच्या मते "अजून दोन वर्षं चालेल" अशी होती. मी व्हर्नियरनं मोजली. 8 मिलिमीटरची तार काही ठिकाणी 7 भरली. मूळ जाडीच्या दहा टक्के कमी झाली की तार टाकायची, म्हणजे 8 ची 7.2 ला गेली की संपली. तशीही जुन्या लिफ्टची तार मी ठेवली नसती. तिचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. मंगळवार पेठेतून नवी जस्ताची तार आणली, तारेचं टोक दुमडून आवळायच्या क्लिपा आणल्या. क्लिपचं सांगतो, कारण निम्मे लोक उलट्या लावतात. यू बोल्टचा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या लांब तारेवर यायला हवा, आणि यू ची वाटोळी बाजू मागे दुमडलेल्या शेपटीवर. उलट लावली की यू भाराच्या तारेला चिरडतो. एका टोकाला तीन क्लिपा, एकीपासून दुसरी तारेच्या जाडीच्या सहापट लांब. पहिल्यांदा भार पडला की तार थोडी दबते, म्हणून पुन्हा एकदा आवळायच्या.

आणि आता जे माझ्या हातून झालं ते.

आमच्या धंद्यात तेल म्हणजे मागाचा जीव. सकाळी कारखान्यात आलं की आधी तेलाची झारी. जिथे लोखंड लोखंडाला घासतं तिथे थेंब सोडायचा, अडतीस वर्षं हाताला तीच सवय. लिफ्ट जोडून झाल्यावर मी विंच उघडला, गिअरला ग्रीस लावलं, आणि आत दोन चकत्या कोरड्या ठणठणीत दिसल्या म्हणून त्यांनाही तेल पाजलं. समाधानानं झाकण लावलं.

जानेवारीतली सकाळ होती. पाणी काचेसारखं स्थिर. बोट पाळण्यावर आणली, भाचा हँडल फिरवायला लागला. टक टक टक असा दात्याचा आवाज येत होता, बोट दोन फूट वर आली, बुडातून पाणी निथळायला लागलं. बहीण काठावर उभी राहून बघत होती. भाच्यानं घाम पुसायला हँडल सोडलं. हँडल क्षणभर थांबलं, मग आपोआप उलटं फिरायला लागलं. आधी सावकाश, मग दिसेनासं. भाचा ते धरायला पुढे झाला. मी ओरडलो, "हात नको!" तो मागे सरकला, हँडलचं टोक त्याच्या शर्टाच्या खिशाला लागून खिसा फाटला, आणि बोट धप्पकन पाण्यात बसली. बोटीला काही झालं नाही. भाच्यालाही नाही. मी मात्र बराच वेळ त्या फाटक्या खिशाकडे बघत होतो. चार बोटं आत असती तर हात गेला असता.

त्या दोन कोरड्या चकत्या म्हणजे विंचचा ब्रेक होता. वर उचलताना त्या एकमेकींवर आवळल्या जातात, हँडल सोडलं की त्यांच्या घर्षणावरच सगळा भार थांबतो. त्यांना तेल लागलं की थांबवायला काही उरत नाही. टक टक आवाज येत राहतो, दाता आपलं काम करत असतो, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. मी बहिणीसमोर माझी चूक सांगितली. ती काही बोलली नाही, चहा टाकायला आत गेली. त्याच दिवशी चकत्या काढल्या, नव्या मागवल्या, आणि झाकणावर लाल रंगात लिहिलं: आत तेल नको. अजून आहे तिथे. जुना विंच घेणाऱ्यानं झाकण उघडून पहिल्यांदा हेच बघावं की आधीच्या मालकानं माझ्यासारखंच केलेलं नाही ना. आणि फिरणारं हँडल कधीच धरायला जायचं नाही, बोट पडली तर पडू द्यावी.

नव्या चकत्या बसवल्यावर बोट लगेच चढवली नाही. दोनशे लिटरची तीन पिंपं पाळण्यावर ठेवून पाण्यानं भरली. सहाशे किलो. वर घेतली, मध्येच थांबवली, रात्रभर तशीच ठेवली, सकाळी खुणेला खूण जुळवली. पट्टीभरही उतरली नव्हती. पिंपं आणि पाणी, खर्च काहीच नाही. ही परीक्षा मी आधी घेतली असती तर त्या सकाळी भाचा हँडलजवळ उभाच नसता.

पाळण्यावर बोट ज्या लाकडांवर टेकते त्यांच्यावर आम्ही आधी जुनी सोलापुरी चादर गुंडाळली होती. घरात होती, जाड, मऊ, वाटलं याहून चांगलं काय. पण सुती कापड पाणी धरून ठेवतं. दोन महिन्यांत चादरीखालचं लाकूड काळं पडलं, बोटीच्या बुडाला तिथेच शेवाळ धरलं. म्हणजे ज्यासाठी लिफ्ट घेतली तेच बिघडत होतं. आता पॉलिस्टरचं कार्पेट आहे, पितळी खिळ्यांनी मारलेलं. पाणी निथळून जातं.

बोट पाळण्याच्या बरोब्बर मधोमध ठेवायची नसते, हेही करता करता कळलं. इंजिन मागे असतं, वजन मागे असतं. वजनाचा मध्य पाळण्याच्या मध्यावर यायला हवा, म्हणजे बोटीचं नाक पुढे जास्त बाहेर राहतं. मागच्या दोन तारांवर जास्त ताण दिसला, त्यावरून आम्ही बोट एक वीत पुढे घेतली. आता चारही तारा बोटानं छेडल्या की सारख्या वाजतात. सारखी जागा मिळावी म्हणून पाळण्याला दोन उभे पाईप लावलेत, बोट त्यांच्यामधून आत आली की बरोबर बसते. वाऱ्याच्या दिवशी त्यांचा फार उपयोग.

गाळावर पाय रुतू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली दीड फूट बाय दीड फूट जाड पत्रा. चाकं जुन्या ट्रॉलीची. पाणी उतरायला लागलं की पंधरा दिवसांनी ट्रॅक्टरनं लिफ्ट पुढे सरकवतो. रुतलेला पाय सरळ ओढायचा नाही, आधी पहारेनं हलवून गाळात हवा जाऊ द्यायची, मग निघतो. नाहीतर पाय वाकतो.

2025 च्या मे महिन्यात याच्या उलटं झालं. आपल्या इकडे मे म्हणजे पाणी तळाला, लिफ्ट सगळ्यात आत नेऊन ठेवलेली. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला आणि महिनाअखेरीस उजनी वजातून वर आली. भाच्याचा रात्री साडेनऊला फोन, "मामा, पाणी पाळण्याला टेकलं." मी सोलापुरातून काय करणार? फोनवरच बोललो. बोट पाळण्यावरून उतरव, बाहेर काढून काठावर बांध, पाळणा पूर्ण खाली सोड, लिफ्टच्या चारही पायांना दोर लावून बाभळीला बांध, आणि तू पाण्यात जाऊ नकोस. पाळणा खाली यासाठी की वजन तळाला राहिलं तर चौकट उलटत नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा लिफ्टचे फक्त वरचे दोन आडवे पाईप पाण्याबाहेर दिसत होते, त्यावर एक बगळा. आठवड्यानं ट्रॅक्टर आणि चार माणसं लावून ती काठाला घेतली. विंचमध्ये पाणी गेलं होतं, तो पूर्ण सोडून सुकवला. तेव्हापासून मेच्या पहिल्या आठवड्यातच विंच सोडून घरी आणायचा ठरलंय.

वळवाच्या दिवसांचंही असंच. आभाळ भरून आलं की बोट उंच लिफ्टवर ठेवायची नाही. रिकामी बोट वाऱ्यात शिडासारखी वागते. खाली घेऊन पाळण्याला पट्ट्यानं बांधायची, किंवा सरळ बाहेर काढायची.

देखभालीला वेळ फार लागत नाही, पण नेम मोडायचा नाही. दर रविवारी सकाळी भाचा तारेवरून सुती वेस्टचा बोळा धरून फिरवतो. हा मिलमधला वेस्ट मी सोलापुरातून नेतो. जिथे धागा अडकतो तिथे तारेतली एखादी बारीक तार तुटलेली असते. उघडा हात फिरवायचा नाही, तो तुटका धागा सुईसारखा बोटात घुसतो. आतापर्यंत दोनदा अडकला. त्यातली एक जागा कप्पीजवळची होती, ती तार लगेच बदलली. महिन्याला कप्प्यांना ग्रीस, क्लिपा पान्यानं तपासणं. विंचच्या ड्रमवर तारेचे निदान चार वेढे शिल्लक राहिले पाहिजेत, पाळणा अगदी खाली असतानासुद्धा. पाळण्याला मॅग्नेशियमचा एक ठोकळा लावलाय, गोड्या पाण्यात लोखंडाऐवजी तो झिजतो. खाडीतल्या मालकानं तिथे जस्ताचा लावला होता, तो खाऱ्या पाण्याला ठीक, उजनीत त्याचा उपयोग कमी. जलपर्णी वाहत आली की पायांत अडकते, ती रोज काढावी लागते. नाहीतर वारा सुटल्यावर तिचा सगळा जोर लिफ्टवर येतो.

आता पैसे. लिफ्ट 61,000. टेम्पो दोन वेळचा मिळून 16,000. तार आणि क्लिपा 9,500. कप्प्या, बुश, चौथा पाय 7,800. रंग, लाकूड, कार्पेट 6,200. ब्रेकच्या चकत्या 2,400. चाकं आणि एक्सल 8,500. एकूण 1,11,400. म्हणजे जुनी लिफ्ट जेवढ्याला मिळते त्याच्या पाऊणपटीहून जास्त वरून घालायची तयारी ठेवा. ही तयारी नसेल तर घेऊ नका, कारण खर्च टाळायचा म्हणजे जुनी तार आणि जुना ब्रेक तसाच वापरायचा, आणि त्याचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

ज्यांची पत्र्याची एकच बोट आहे, मासेमारीपुरती, त्यांना याची गरज नाही. ती बोट दगड सोसते. फायबरची बोट, तिच्यावर माणसं बसवायची, रोज उतरवायची आणि चढवायची असेल तर घ्यावी. दोन-तीन बोटवाले मिळून एक घेतली तरी चालेल, फक्त विंचची जबाबदारी एकाच माणसाकडे असू द्या.

बोटीचं म्हणाल तर या हंगामात आम्ही दोनदा तिच्या खाली पाठीवर झोपून बॅटरीनं पूर्ण बूड बघितलं. फोड एकही नाही. कण्यावरची नवी मॅट जशीच्या तशी. सकाळी बोट खाली सोडायच्या आधी बहीणही आता वाकून एकदा बघते, बुडावरून हात फिरवते, मगच माणसं चढतात.

मागच्या उजव्या कोपऱ्याची तार परवा 7.5 भरली. 7.2 ला अजून वेळ आहे, पण शिमग्यानंतर पाणी वेगानं उतरतं आणि मग वरचेवर लिफ्ट हलवण्याच्या गडबडीत हे काम मागे पडेल. म्हणून काल मंगळवार पेठेतून नवी तार आणून ठेवलीय. रविवारी जेऊरच्या गाडीनं घेऊन जातोय.